कोठार आणि सेनापती

१२३२ सालच्या वसंतात मंगोल सेनापती सुबुताईच्या फौजेनं कायफंगला वेढा घातला. पीत नदीच्या दक्षिणेला वसलेलं हे शहर जुर्चेन लोकांच्या जिन राजवटीची राजधानी होतं, आणि आजूबाजूच्या मुलखातून जीव मुठीत धरून पळालेल्या लोकांनी ते गच्च भरलं होतं. तटावरून लोखंडी कवचाचे स्फोटक गोळे खाली पडत होते, खालून दगडांचा मारा चालू होता. पंधरा-सोळा दिवसांनी बोलणी झाली आणि मंगोल तात्पुरते मागे सरले. शहर वाचलं, असं लोकांना वाटलं. मग माणसं मरायला लागली. जिन राजवटीच्या अधिकृत इतिहासात नोंद आहे, की पुढच्या पन्नास दिवसांत शहराच्या वेशींतून नऊ लाखांहून अधिक शवपेट्या बाहेर गेल्या. ज्यांना पेटी परवडली नाही, ते या हिशेबात नाहीत. जुन्या बखरींतले आकडे फुगलेले असतात हे खरं, पण यातले निम्मे धरले तरी अंगावर काटा येतो.

त्या गर्दीत बावन्न वर्षांचा ली गाओ अडकला होता. वैद्यकाच्या ग्रंथांत तो ली दोंगयुआन या नावानं ओळखला जातो. हा माणूस पेशानं वैद्य नव्हता. घर गडगंज श्रीमंत, काही काळ करखात्यात अधिकारीही होता. आईच्या आजारपणात एकामागून एक वैद्य आले, प्रत्येकानं वेगळं निदान केलं, आणि आईला नेमकं काय झालं होतं हे कुणालाही न कळता ती गेली. त्या रागातून त्यानं भरपूर पैसे मोजून झांग युआनसू या नावाजलेल्या वैद्याचं शिष्यत्व पत्करलं. कायफंगमध्ये त्याला जे दिसलं ते त्यानं पुढे १२४७च्या ग्रंथात लिहून ठेवलं: शहराला बारा वेशी, प्रत्येक वेशीतून रोज हजार ते दोन हजार प्रेतं, आणि हे जवळजवळ तीन महिने.

त्याला खटकलं ते वेगळंच. शहरातले बाकीचे वैद्य हा ताप बाहेरून आलेल्या थंडीचा मानत होते. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस झांग झोंगजिंगनं शीतज्वरावर लिहिलेला ग्रंथ त्यांना प्रमाण होता. त्यामुळे ते घाम आणणारी आणि कोठा साफ करणारी औषधं देत होते, आणि रोगी जास्तच वेगानं मरत होते. लीचा प्रश्न सरळ होता. एका शहरातल्या दहा लाख माणसांना एकाच वेळी बाहेरची थंडी बाधली, हे कसं? त्याचं उत्तर असं, की कित्येक आठवडे या लोकांना वेळेवर अन्न नव्हतं, झोप नव्हती, भीती होती, अंगमेहनत होती. पोटाचं बळच संपलं होतं. त्यात वेढा उठल्यावर लोक अधाशासारखे जेवले. रिकाम्या राहिलेल्या पोटाला एकदम भरपेट जेवण सोसलं नाही, हे त्यानं स्पष्ट लिहिलं आहे. दीर्घ उपासानंतर अचानक भरपूर खाल्ल्यानं रक्तातले क्षार ढासळून मृत्यू येऊ शकतो, हे आजच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. कायफंगमध्ये सगळे यानंच मेले असं मात्र कुणी म्हणणार नाही. ती प्लेगची साथ असावी असं काही इतिहासकार मानतात. लीला प्लेगचे जंतू माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानं फक्त एवढं पाहिलं, की ताप सगळ्यांना सारखा असला तरी त्यामागचं शरीर उपाशी आणि थकलेलं आहे, आणि उपाशी माणसाला जुलाब देणं हा अघोरीपणा आहे.

त्यानं तयार केलेला काढा आजही चीन, जपान, कोरियात विकला जातो. मधल्या भागाला बळ देणारा, अशा अर्थाचं त्याचं नाव. ॲस्ट्रॅगलसचं मूळ, जिनसेंग, ज्येष्ठमध, संत्र्याची वाळवलेली साल आणि आणखी चार वनस्पती. ताप असलेल्या माणसाला गोडसर, उष्ण औषधं द्यायची ही गोष्ट त्या काळच्या वैद्यांना उलटीच वाटली असणार. १२४९मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षं आधी, त्यानं ‘पीवेइ लुन’ हा ग्रंथ पूर्ण केला. विषय एकच, प्लीहा आणि जठर. सगळ्या रोगांचं मूळ या दोघांच्या बिघाडात शोधणारी एक शाखाच पुढे त्याच्या नावानं चालली.

हा इतिहास एवढ्या विस्तारानं सांगण्याचं कारण आहे. चिनी वैद्यकाची आजची पाठ्यपुस्तकं उघडली, की पचनाच्या बिघाडाचे दहा-बारा प्रकार तक्त्यात मांडलेले दिसतात. प्लीहेचं बळ कमी, प्लीहेत ओल, जठरात आग, जठराचा कोरडेपणा, अन्न तुंबणं, यकृत आणि प्लीहेचा बेबनाव. तक्ता पाहिला की वाटतं, कुणा ऋषीनं एका बैठकीत हे सगळं रचलं असावं. प्रत्यक्षात यातला एकेक प्रकार वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या लोकांच्या पोटाकडे पाहून घडला आहे. उपाशी शहरानं एक दिला, सुखवस्तू घरांनी दुसरा, मनातलं बोलता न येणाऱ्या माणसांनी तिसरा. शरीर म्हणून जे वर्णन केलं आहे, त्यात त्या त्या काळाचं जगणं मुरलेलं आहे, आणि माझ्या मते या विद्येत आजही वाचण्यासारखं आहे ते हेच.

*

आधी यंत्रणा समजून घेऊ. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत संकलित झालेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथात शरीर म्हणजे एक राज्यकारभार आहे. हृदय राजा, फुप्फुस मंत्री, यकृत सेनापती. प्लीहा आणि जठर हे कोठारावरचे अधिकारी. इथली प्लीहा म्हणजे शल्यविशारद अपघातानंतर काढून टाकतात तो अवयव नव्हे. तो काढलेल्या माणसाचंही पचन नीट चालतं. चिनी वैद्याची प्लीहा हे एक खातं आहे. खाल्लेल्या अन्नातून सत्त्व वेगळं काढायचं आणि ते वर, फुप्फुसाकडे आणि हृदयाकडे पोचवायचं, हे त्या खात्याचं काम. जठरानं अन्न मुरवायचं आणि उरलेलं खाली ढकलायचं. एक वर नेतो, दुसरा खाली. या दोन दिशा सांभाळल्या की पोट शांत. दिशा उलटल्या की मळमळ, ढेकर, आंबट पाणी वर येतं आणि जे वर जायला हवं ते पातळ शौचातून निघून जातं. दोघांचे स्वभावही उलटे. प्लीहेला कोरडं आवडतं, ओल सोसत नाही. जठराला ओलावा लागतो, कोरडेपणानं ते होरपळतं. म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला बाधू शकतं, आणि चिनी औषधयोजनेतली बरीचशी कसरत यातूनच येते.

मराठी वाचकाला इथे अग्नी आठवेल. आयुर्वेदात सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद असे अग्नीचे चार प्रकार आहेत, आणि चिनी वैद्य ज्याला जठरातली आग म्हणतो त्याची सारखी लागणारी भूक, तोंडाची दुर्गंधी आणि सुजलेल्या हिरड्या पाहून आपल्याकडचा वैद्य ‘तीक्ष्णाग्नी’ म्हणेल. साम्य इथपर्यंत नक्कीच आहे. फरक असा की आयुर्वेदात पचनाचा विचार शिजण्याभोवती फिरतो. न शिजलेला ‘आम’ हा तिथला खलनायक आहे. चिनी विचार शिजण्यापेक्षा वाहतुकीवर जास्त भर देतो. काय कुठे अडलं, काय उलट्या दिशेनं गेलं, हा त्याचा पहिला प्रश्न. पीत नदी आणि यांगत्सेचे पूर, कालवे आणि धान्याच्या नावा सांभाळणाऱ्या राज्यात तो सुचला यात नवल नाही, असं मला वाटतं. सिद्ध करता यायचं नाही.

*

आता समजा, कुणी तक्रार घेऊन आलं, ‘जेवलं की पोट फुगतं.’ इथून पुढे वैद्य काय करतो ते पाहण्यासारखं आहे, कारण या एका वाक्यातून पाच-सहा वेगळी औषधं निघू शकतात. पाहणं, ऐकणं-वास घेणं, विचारणं आणि स्पर्श, अशा चार पायऱ्या आहेत. मिंग काळातला वैद्य झांग जिएबिन यानं विचारण्याच्या पायरीला दहा प्रश्नांत बांधलं, आणि ते दहा प्रश्न विद्यार्थी आजही पाठ करतात. थंडी वाजते की उष्मा? घाम? डोकं? शौच आणि लघवी? जेवण? छाती? पुढे ऐकू येणं, तहान वगैरे.

पोटाच्या बाबतीत खरी गंमत बारकाव्यांत आहे. पोटावर हात दाबून ठेवला तर बरं वाटतं की सहन होत नाही? बरं वाटत असेल तर आत पोकळी आहे, बळ कमी आहे. हात लावू देत नसेल तर आत काही तुंबलं आहे. गरम पाणी प्यावंसं वाटतं की थंड? तहान लागते, पण प्यावंसं वाटत नाही, असं होतं का? तसं असेल तर ओल अडून बसली आहे. भूक लागते पण घास उतरत नाही? ते जठर कोरडं पडल्याचं लक्षण; सतराव्या-अठराव्या शतकातल्या ये तिआनशीनं या कोरडेपणावर लीपेक्षा वेगळी, मऊ, ओलसर औषधं सुचवली. फुगणं जेवणानंतर लगेच होतं की राग आल्यावर? शौचाला पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान धावावं लागतं का? या शेवटच्या तक्रारीला तर चिनी वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, कोंबडा आरवतानाचे जुलाब. तिथे दोष प्लीहेच्याही खाली, मूत्रपिंडाच्या उष्णतेत शोधतात.

मग जीभ. ती बाहेर काढायला लावतात आणि नीट बघतात. फिकट, सुजरी, कडेला दातांचे वण उमटलेली जीभ म्हणजे प्लीहा दमलेली. जाड, पिवळा, चिकट थर असेल तर ओल आणि उष्णता एकत्र. थर सोलून निघाल्यासारखी लालभडक जीभ जठराचा कोरडेपणा दाखवते. १३४१मध्ये दू चिंगबी यानं विस्तार करून आणलेल्या एका पुस्तकात जिभेची ३६ चित्रं आहेत. शेवटी नाडी: उजव्या मनगटावरच्या मधल्या बोटाखाली प्लीहा आणि जठर, डाव्या मनगटावर त्याच जागी यकृत. धनुष्याच्या दोरीसारखी ताणलेली नाडी लागली, की सेनापती कोठारात घुसल्याचा संशय घ्यायचा.

एवढं विचारून झाल्यावर ‘पोट फुगतं’ ही तक्रार शिल्लकच राहत नाही. तिच्या जागी एक माणूस असतो. सकाळी उशिरा उठणारा, थंड पेय टाळणारा, जेवणानंतर डोळे मिटणारा, जिभेच्या कडेला वण असलेला. आपल्याकडच्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात पोटदुखीच्या रोग्याला दोन मिनिटं मिळतात आणि आम्ल कमी करणारी गोळी मिळते. तिथे या दहा प्रश्नांसाठी वेळ काढणारा कुणी भेटला तर माणूस अर्धा तिथेच बरा होईल, असं मी म्हटलं तर ते अतिशयोक्तीचं वाटेल. पण याचा पुरावा पुढे येतो आहे.

*

ली दोंगयुआननंतर शंभरएक वर्षांनी दक्षिणेला, आजच्या झेजियांग प्रांतातल्या यीवू इथे झू दानशी नावाचा वैद्य होऊन गेला. १२८१ ते १३५८ हा त्याचा काळ. भोवतालचं जग वेगळं होतं. दमट हवा, सुपीक जमीन, आणि त्याच्याकडे येणाऱ्यांत खाऊनपिऊन सुखी असलेली माणसं. सोंग काळापासून सरकारी औषधशाळेच्या पुस्तकातली तयार, उष्ण, सुगंधी औषधं कुणीही उठून घ्यायची पद्धत पडली होती. झूनं त्या पुस्तकावर टीका करणारा ग्रंथच लिहिला. खाण्यापिण्यात संयम ठेवा, असा उपदेशही त्याच्या लेखनात आहे. अन्न तुंबण्यावरचा प्रसिद्ध योग त्याच्याच नावावर सांगितला जातो. त्यात डोंगरी हॉथॉर्नची आंबट फळं, आंबवलेलं पीठ, मुळ्याचं बी, संत्र्याची साल वगैरे. आंबट ढेकर, अन्नाचा वास नकोसा होणं, घाण वासाचे जुलाब आणि जुलाब झाल्यावर बरं वाटणं, अशी याची लक्षणं. हे वाचता वाचता चौथ्यांदा चकलीच्या डब्याकडे जाणाऱ्या वाचकाला ती वेगळी समजावून सांगायला नकोत.

हॉथॉर्नच्या फळांचा चिनी माणसाच्या पोटाशी संबंध आजही घट्ट आहे. उत्तरेत हिवाळ्यात ही लालभडक फळं काडीला टोचून, साखरेच्या पाकात बुडवून रस्त्यावर विकतात. त्यांच्या पातळ गोड चकत्या मुलांना जेवणानंतर देतात. हॉथॉर्न, सातूचा मोड आणि आंबवलेलं पीठ, तिन्ही जरा करपवून एकत्र करायची, हे तर घराघरांत ठाऊक असलेलं त्रिकूट. जियांगझोंग कंपनीच्या हॉथॉर्न घातलेल्या पाचक गोळ्यांच्या जाहिराती पाहत चीनमधली एक पिढी मोठी झाली.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते आपल्या स्वयंपाकघरात येतं. पहाटेच्या जुलाबांवरच्या पारंपरिक गोळीत चार मुख्य द्रव्यं आहेत, त्यांत एक बावची आणि एक जायफळ. जुनाट जुलाब थांबवायला चिनी वैद्य जे फळ वापरतो तो आपला हिरडा. तुंबलेलं अन्न ढकलणाऱ्या एका गोळीत सुपारी आहे. आणि पोटातला वारा मोकळा करणारं, चिनी औषधांत जागोजागी येणारं सुगंधी मूळ म्हणजे आयुर्वेदातलं कुष्ठ. काश्मीर आणि हिमालयातून हे मूळ शतकानुशतकं चीनला जात होतं. आज रानटी कुष्ठ इतकं विरळ झालं आहे, की आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध असलेल्या यादीत त्याची नोंद आहे. दोन वैद्यकांनी एकमेकांच्या सिद्धान्तांची फारशी दखल घेतली नाही, पण गाठोडी मात्र इकडून तिकडे जात राहिली.

*

तिसरा प्रकार मला सर्वांत लक्षवेधी वाटतो. पोटात कळ येते, धावत जावं लागतं, झालं की कळ थांबते, आणि हे परीक्षेच्या आधी, भांडणानंतर, साहेबाचा फोन आल्यावर हमखास होतं. आजचा डॉक्टर याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणेल. चिनी वैद्य म्हणेल, सेनापतीनं कोठारावर हल्ला केला. यकृताचं काम सगळ्या शरीरात बळ मोकळं खेळवत ठेवायचं. राग गिळला, अपमान सोसला, बोलायचं ते बोलता आलं नाही, की ते अडतं आणि अडलेलं बळ आडवं येऊन प्लीहेवर कोसळतं. पंचमहाभूतांच्या चिनी आवृत्तीत यकृत म्हणजे लाकूड, प्लीहा म्हणजे माती. झाडाची मुळं माती फोडतात. झांग झोंगजिंगच्या दुसऱ्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच सल्ला आहे, की यकृताचा विकार दिसला की आधी प्लीहा भक्कम करा, कारण रोग तिकडेच जाणार आहे. १५८४मध्ये वू कून या वैद्यानं हे आणखी नेमकं केलं. जुलाबाचा दोष प्लीहेकडे, कळेचा दोष यकृताकडे. चार वनस्पतींचा जो योग यावर देतात तो झू दानशीच्याच परंपरेतला आहे.

भावनांनी पोट बिघडतं हे चिनी लोकांनाच कळलं असं नाही. चिंता, शोक, भय, क्रोध असताना मापात खाल्लेलं पथ्यकर अन्नही पचत नाही, हे चरकसंहितेत आहे. पण चिनी वैद्यकानं त्याला एक पत्ता दिला, मनगटावर एक जागा दिली, औषधांचं एक घराणं दिलं. रोग्यानं मनातलं काही न सांगता बरगड्यांखाली दाटून येतं, एवढंच सांगितलं तरी चालतं. वैद्याला पुढचं कळतं, आणि कळलं हे दोघांनाही बोलून दाखवावं लागत नाही.

हे किती महत्त्वाचं आहे याचा अंदाज १९८०च्या एका अभ्यासातून येतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन त्या वर्षी हुनान प्रांतातल्या चांगशा शहरात गेले. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात मज्जादौर्बल्याचं निदान झालेल्या शंभर रोग्यांना ते भेटले. डोकेदुखी, निद्रानाश, चक्कर, अंगदुखी अशा तक्रारी होत्या. त्यांतल्या ८७ जणांना नैराश्याच्या विकाराच्या कसोट्या लागू पडल्या. सांस्कृतिक क्रांती संपून जेमतेम चार वर्षं झाली होती. विद्यापीठातून शेतावर धाडलेले, सार्वजनिक सभेत अपमानित केलेले, आप्त गमावलेले लोक डॉक्टरसमोर बसून डोकं दुखतं, झोप लागत नाही, एवढंच सांगत होते. मनाचं दुःख सांगण्यात धोका होता, कधी राजकीय, कधी घरच्या अब्रूचा. शरीराचं दुःख सांगण्यात नव्हता. क्लाइनमन यांचा विषय पोट नव्हता, पण ‘यकृत अडलंय’ या निदानाची सोय कुठे आहे ते या शंभर माणसांवरून समजतं.

*

पाठ्यपुस्तकातले नीटस तक्ते मात्र अगदी अलीकडचे आहेत. १९५६मध्ये सरकारनं बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ आणि चंग्दू इथे चिनी वैद्यकाची चार महाविद्यालयं काढली. तोवर ही विद्या बापाकडून मुलाकडे, गुरूकडून शिष्याकडे जात होती, आणि प्रत्येक घराण्याचं म्हणणं निराळं होतं. हजारो विद्यार्थ्यांना एकाच अभ्यासक्रमातून शिकवायचं तर सगळं एका साच्यात बसवणं भाग होतं. लक्षणांचे मेळ ओळखून उपचार ठरवणं हेच चिनी वैद्यकाचं सार, अशी मांडणी याच काळात पक्की झाली. ली, झू आणि ये, तिघांची एकमेकांशी न पटणारी मतं आता एकाच तक्त्याच्या शेजारशेजारच्या ओळी झाल्या. यात सोय झाली, पण काही हरवलंही. ली दोंगयुआनला उपाशी शहर दिसलं होतं. विद्यार्थ्याला दिसते ती ‘फिकट जीभ, क्षीण नाडी, पातळ शौच’ ही ओळ.

आणि त्या ओळी वाटतात तितक्या पक्क्या नाहीत. अमेरिकेत संधिवाताच्या रोग्यांवर एक तपासणी झाली. तीन चिनी वैद्यांनी तेच रोगी वेगवेगळे तपासले. निदानावर त्यांचं एकमत साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याखालीच राहिलं. लीच्या आईच्या बिछान्याभोवतीचे वैद्य आठशे वर्षांनीही तिथेच उभे आहेत म्हणायचे.

मग औषधं लागू पडतात का? १९९८मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग छापून आला. इरिटेबल बॉवेलच्या ११६ रोग्यांचे तीन गट केले. एकाला नकली कॅप्सूल, एकाला सगळ्यांसाठी एकच चिनी योग, एकाला प्रत्येकाच्या लक्षणांनुसार बांधलेला योग. सोळा आठवड्यांनी दोन्ही औषधी गट नकली गटापेक्षा बरे होते. गंमत अशी, की व्यक्तिगणिक बांधलेल्या औषधानं साध्या एकसाची औषधापेक्षा जास्त फायदा केला नव्हता. चिनी वैद्यकाच्या मूळ दाव्याला हा धक्काच. पण औषध थांबवल्यावर चौदा आठवड्यांनी पाहिलं, तर फायदा टिकला होता तो फक्त व्यक्तिगणिक गटात. दोन्ही बाजूंना आपल्याला हवं ते यातून वाचता येतं, आणि वाचलं गेलं.

२००६मध्ये हाँगकाँगला ११९ रोग्यांवर यकृत-प्लीहेच्या बेबनावावरच्या त्या चार वनस्पतींच्या योगाचाच अकरा वनस्पतींचा विस्तार करून आठ आठवडे प्रयोग झाला. नकली औषधापेक्षा तो सरस ठरला नाही. तिथे सगळ्यांना एकच औषध दिलं, मेळ पाहिले नाहीत, अशी तक्रार करता येते. पण मग ज्या प्रयोगात मेळ पाहिले तिथे ते लगेच का उपयोगी पडले नाहीत, याचंही उत्तर द्यायला हवं.

मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटतो तो टेड कॅप्चक यांचा प्रयोग. कॅप्चक हे मकाऊमध्ये चिनी वैद्यक शिकलेले अमेरिकन. त्यांनी १९८३मध्ये चिनी वैद्यकावर लिहिलेलं पुस्तक पाश्चात्त्य जगात अनेकांचं पहिलं पुस्तक ठरलं. पुढे हार्वर्डमध्ये त्यांनी औषधाच्या आभासानं लोक बरे कसे होतात, याचाच अभ्यास हाती घेतला. २००८मध्ये इरिटेबल बॉवेलच्या २६२ रोग्यांचे त्यांनी तीन गट केले. एक गट नुसता वाट पाहणारा. दुसऱ्याला नकली सुया, ज्या कातडीत शिरतच नाहीत, आणि वैद्याशी जेमतेम बोलणं. तिसऱ्याला त्याच नकली सुया, पण वैद्य आपुलकीनं बसणार, आजाराची हकीगत विचारणार, रोग्याला त्याबद्दल काय वाटतं ते ऐकणार. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के. शेवटच्या दोन गटांत सुई एकच, नकलीच. मधला अठरा टक्क्यांचा फरक ऐकण्याचा. दहा प्रश्नांबद्दल मी वर जे म्हटलं ते या आकड्याच्या भरवशावर.

याचा अर्थ कुणी काढ्याचं दुकान बंद करा असा काढला तर चूक, आणि सगळं फक्त ऐकण्यानं बरं होतं असा काढला तर त्याहून मोठी चूक. जगातल्या जठराच्या कर्करोगाच्या नव्या रोग्यांपैकी सुमारे ४० टक्के एकट्या चीनमधले असतात. या कर्करोगाचं एक प्रमुख कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे. तो शोधल्याबद्दल मार्शल आणि वॉरन यांना २००५चं नोबेल मिळालं, आणि तो मारायला प्रतिजैविकंच लागतात. वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, घास अडकत असेल, तर जिभेवरचा थर बघत बसण्यात वेळ घालवायचा नसतो. काढेही निरुपद्रवी नाहीत. चिनी वैद्यकाच्या अनेक योगांत ज्येष्ठमध आहे. तो जास्त दिवस पोटात गेला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घसरतं. जपानमध्ये, जिथे असे १४८ योग राष्ट्रीय विम्यातून मिळतात, तिथले डॉक्टर याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष देतात.

चीनमधल्या पारंपरिक वैद्यकाच्या मोठ्या रुग्णालयांत आज ‘प्लीहा-जठर विकार’ असा वेगळा विभाग असतो, आणि त्या विभागात एंडोस्कोपीही चालते. कागदावर निदानाच्या दोन ओळी असतात. एक आधुनिक वैद्यकाची, म्हणजे जठराच्या अस्तराचा जुनाट दाह वगैरे. दुसरी चिनी वैद्यकाची, यकृत आणि जठराचा बेबनाव. जागतिक आरोग्य संघटनेनं रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९मध्ये मंजूर केली, ती १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. तिच्यात पारंपरिक वैद्यकाचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि प्लीहेचं बळ कमी पडण्याला आता आंतरराष्ट्रीय सांकेतिक क्रमांक आहे. शास्त्रीय नियतकालिकांतून यावर कडक टीका झाली. जानेवारी २०२४मध्ये नवी दिल्लीत त्याच वर्गीकरणाला आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीचा भाग जोडला गेला, म्हणजे हा वाद आता आपल्याही दारात आहे. संघटनेनं मात्र एक कुंपण घालून ठेवलं आहे. हे क्रमांक आजाराची नोंद करायला वापरता येतात, तेही आधुनिक निदानाच्या जोडीनं हवे असतील तर. मृत्यूचं कारण नोंदवायला ते चालत नाहीत.